श्वास मोजायचे दिवस

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या भिलाईत धूर खाली बसतो. एरवी तो वरच्या वर निघून जातो. पण कार्तिकात हवा जड झाली की संध्याकाळी पाच-साडेपाचलाच तो सेक्टरांतल्या झाडांमध्ये उतरतो, सुपेल्याच्या चौकात दिव्यांभोवती पिवळा होऊन थांबतो, आणि दोरीवरच्या कपड्यांना त्याचा वास लागतो. त्यात गाड्यांचा किती, शेगड्यांचा किती, भट्ट्यांचा किती आणि कोणी परसात पेटवलेल्या पाल्याचा किती, हे कोणी सांगू शकणार नाही. तीस वर्षं इथे काढून मीही ते विचारायचं सोडून दिलं आहे. कपडे तेवढे चारच्या आत काढते.

याच दिवसांत माझा धडा येतो. सातवीचं विज्ञान, श्वसन. पचनसंस्था पावसाळ्यात होऊन जाते, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पोट्टे फराळ खाऊन सुस्तावून परत आले की फुफ्फुसं. आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले, दुर्ग लाइनीवरची धावपळ संपवून आता कायमचे घरी आहेत. मी कपाटातून ते जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ काढताना दिसले की विचारतात, काढलं का घड्याळ? मी म्हणते, काढलं. पूर्वी यावरून ते माझी थट्टा करायचे, बाईसाहेब चालल्या लोकांचे श्वास मोजायला म्हणून. चार वर्षं झाली, थट्टा करत नाहीत.

मी चांगली शिकवते. हे मीच सांगते, कारण माझ्या बरोबरीच्या बाया रिटायर होऊन गेल्या आणि नव्यांना दुसऱ्याचा वर्ग बघायला वेळ नाही. पचन शिकवताना मी एक कचोरी घेऊन जाते आणि तिचा सगळा प्रवास सांगते, ती शेवटी कुठे पोचते इथपर्यंत. वर्ग हसून हसून बेजार होतो, पण परीक्षेत लहान आतडं कोणी विसरत नाही. आमची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे वर्गात सगळं हिंदीत. मराठी घरातलं एखादं लेकरू असलं तर ते माझ्या आडनावावरून ओळखतं आणि मधल्या सुट्टीत हळूच जवळ येऊन मराठीत बोलतं. चोरून पेरू खाल्ल्यासारखं.

प्रयोगशाळेत एक प्लास्टिकचा पुतळा आहे, नुसतं धड. त्याचं पोट उघडतं आणि आतले अवयव एकेक करून काढता येतात. यकृत निघतं, जठर निघतं, हृदयाचं झाकणसुद्धा निघतं. डावं फुफ्फुस मात्र मी शाळेत आले तेव्हापासून नाही. कोणी नेलं, कधी हरवलं, कोणाला माहीत नाही. तिथे आम्ही फळा पुसायचा डस्टर कोंबून ठेवतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, मॅडम, इसका एक फेफड़ा कहाँ गया? आणि मी दरवर्षी सांगायची, बीड़ी में गया. हे उत्तर मी वीस वर्षं दिलं, आणि वीस वर्षं वर्ग हसला. आता कोणी विचारलं तर नुसतं म्हणते, पता नहीं बेटा.

या धड्यात एक घरचा अभ्यास असतो. घरातल्या माणसांचे श्वास मोजायचे. समोर घड्याळ ठेवायचं, एक मिनिट धरायचं, आणि छाती किती वेळा वर-खाली होते ते लिहायचं. आत घेतला आणि बाहेर सोडला, दोन्ही मिळून एक. हे मी बोटं दाखवून पाच वेळा सांगते. आणखी एक सांगते, ज्याचे मोजता त्याला कळू देऊ नका; कळलं की माणूस सरळ बसतो आणि श्वास बदलतो. आजी जप करत असेल, बाबा टीव्ही बघत असतील, तेव्हा बाजूला बसून मोजा. पोट्ट्यांना हे फार आवडतं. घरच्या मोठ्यांवर नजर ठेवायला शाळेने सांगितलं, याहून मोठी मजा काय. मोठ्या माणसाचे बसल्या जागी पंधरा ते अठरा, फार तर वीस. तेवढेच आकडे वहीत येतात, मी बरोबरची खूण करते, आणि धडा पुढे जातो.

चार वर्षांपूर्वी सातवीत रोशनी होती. खिडकीच्या दुसऱ्या बाकावर बसायची, दोन घट्ट वेण्या, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे. घर तुमसरकडचं, शेती भावांमध्ये वाटून काहीच न उरल्यावर बाप बायको-पोरींना घेऊन इकडे आलेला. पोलादाच्या प्लांटमध्ये लागायची ऐपत आणि ओळख दोन्ही नव्हत्या, म्हणून हथखोजला एका लहान कारखान्यात लागला. तिथे गारगोटीचा दगड दळतात. घराच्या जात्यात पीठ दळतात तसाच, पण त्याहून बारीक. ती पावडर भट्ट्यांना आतून लिंपायच्या कामी येते. देवराम, म्हणजे रोशनीचा बाप, तोंडाला गमछा बांधून ती पावडर बोऱ्यात भरायचा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की पोरगी हुशार आहे आणि तिच्या डब्यात रोज गूळ असतो.

त्या गुळाचं मी तिला एकदा विचारलंही होतं. मधल्या सुट्टीत ती मराठीत म्हणाली, बाबांना कामावर भेटतो. पाळी सुटली की मालक प्रत्येकाच्या हातावर एक खडा ठेवतो. गुळाने छातीतली धूळ निघून जाते असं तिथे सगळे मानतात, नवा माणूस लागला तर त्याला आधी गूळ खायला शिकवतात. पण तिचा बाप तो खडा स्वतः खायचा नाही. गमछ्याच्या टोकाला बांधून घरी आणायचा आणि दोन्ही पोरींना वाटून द्यायचा. लाड करणारा बाप, असं मी मनात म्हटलं आणि हसले.

मग पचनाचा तास झाला. मी कचोरीची गोष्ट सांगितली, अन्ननलिका वेगळी आणि श्वासनलिका वेगळी, अन्नाचा रस्ता हवेच्या रस्त्याला जाऊन मिळत नाही, हे फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढून दाखवलं. रोशनीने हात वर केला. तिने विचारलं, मॅडम, फिर गुड़ छाती में कैसे पहुँचता है? मी खूश झाले. वर्गाला म्हटलं, बघा, याला म्हणतात डोकं चालवणं. गूळ पोटातच जातो, छातीत नाही, ते सगळं लोकांचं बोलणं. रोशनी खाली बसली. ती हे का विचारते आहे, ते मी तिला विचारलं नाही. तास संपायला सात मिनिटं होती आणि मला लहान आतडं उरकायचं होतं.

संध्याकाळी तिने बापाला सांगितलं असणार, की बाबा, गूळ छातीत जात नाही, मॅडम म्हणाल्या. तो हसला असेल. त्या घरात माझं नाव कितीदा घेतलं गेलं असेल, याचा आता विचार केला की मला बसवत नाही. मास्तरकी करणाऱ्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही, की आपण वर्गात बोललेलं चारच्या घंटेला संपत नाही. ते पोरांच्या दप्तरात बसून घरोघर जातं आणि तिथे चुलीपाशी पुन्हा बोललं जातं, आपण नसताना.

तर, श्वास मोजायचा अभ्यास दिला. तिसऱ्या दिवशी वह्या आल्या. मी टेबलावर ढीग घेऊन बसले, एकेक उघडून खूण करत. सतरा, अठरा, सोळा, वीस. कोणीतरी कुत्र्याचेही मोजले होते, त्यावर वर्ग हसला. मग रोशनीची वही. सुरेख अक्षर, पट्टीने आखलेला तक्ता. त्यात बापाच्या नावापुढे बत्तीस.

मी तिला उभं केलं. म्हटलं, हे काय, बत्तीस कसे? ती म्हणाली, तीन वेळा मोजले मॅडम, एकदा एकतीस आले, दोनदा बत्तीस. मी विचारलं, बाबा धावत आले होते का? नाही, खाटेवर बसले होते. मला वाटलं, आली चूक हातात. पाच वेळा सांगूनही एखादं असतंच. मी म्हटलं, तू आत घेतलेला एक आणि बाहेर सोडलेला एक असे दोन धरलेस. ती म्हणाली, नहीं मॅडम. आणि मला राग आला. आता सांगताना लाज वाटते, पण आला. हुशार पोरीने चूक कबूल करू नये, याचा राग. मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "तेरे बाबा क्या रेल का इंजन हैं?"

वर्ग खदखदून हसला. मी लाल पेन घेतलं, बत्तीस खोडले आणि बाजूला सोळा लिहिले. वर समजावूनही सांगितलं, बघा, अर्धे केले की बरोबर आकडा येतो की नाही? पुढे कित्येक दिवस पोट्टे रोशनीला डबल म्हणून हाक मारायचे. त्या दिवशी तिने वही घेतली, खाली बसली, आणि सोळाच्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. ते माझ्या लक्षात आहे, कारण मला वाटलं होतं की हिला आता समजलं.

त्या वर्षी थंडी जास्त पडली. सकाळच्या प्रार्थनेला पोट्ट्यांच्या तोंडातून वाफ निघायची आणि ते बीडी ओढल्याची नक्कल करायचे. धुक्यात आणि धुरात शाळेचं फाटक दिसायचं नाही, नुसते आवाज यायचे, सायकलींच्या घंट्या, कोणाचा तरी खोकला. बाजारात मटारचे ढीग लागले, तिळाचे भाव चढले. सहामाही झाली, पेपर तपासले. मी त्या दोन महिन्यांत खूप आनंदात होते. मुलाचं लग्न ठरलं होतं, मी सूनबाईसाठी साड्या बघत होते. वाईट काही चाललं आहे अशी कसलीही चाहूल मला लागली नाही. लागते म्हणतात, पण मला नाही लागली.

संक्रांतीच्या चार दिवस आधी पालकांना बोलावलं होतं. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, शेवटचा. दुपारची वेळ, बहुतेक पालक येऊन गेलेले, मी वह्या आवरत होते. जिन्यावरून कोणीतरी येत होतं. पावलं चार, मग थांबणं, मग पुन्हा चार. पावलांच्या आधी मला श्वासच ऐकू आला, दार लावताना कडी घासते तसा. मला वाटलं, कोणाचे तरी म्हातारे आजोबा आले. मी दाराशी गेले तर चाळिशीच्या आतला माणूस. डोक्याला तेल, स्वच्छ धुतलेला सदरा, आणि भुवयांमध्ये पांढरी बारीक धूळ. त्याच्यामागे रोशनी, हातात त्याच्या चपला. चपला का, तर त्याला वाटलं होतं की वर्गात चपला घालून येत नाहीत. त्याने खालीच काढल्या होत्या.

मी बसा म्हटलं. तो पोरांच्या बाकावर बसला, गुडघे वर आले. बोलायच्या आधी त्याने हात जोडले आणि दम घेतला. मराठीत बोलायला मिळतं म्हणून त्याचा चेहरा फुलला होता. रोशनीचे मार्क सांगितले, तो मान डोलवत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचे लय उपकार हायेत. पोरगी मले मोजून राहिली होती, मी तिले धरली. म्हणे बाबा, तुमचे बत्तीस येते. मी लय भेलो जी. बायको म्हणे डाकटरले दाखवा. जाणारच होतो. मंग पोरगी आली अन् म्हणे, मॅडमनं सोळा केले. तवा जिवात जीव आला. नाई गेलो."

त्याच्या डोक्यावर, मागच्या भिंतीला, वर्गाचं घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघत होते असं त्याला वाटलं असेल. मी सेकंदकाटा बघत होते. त्याची छाती, काटा, छाती, काटा. रोशनी माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं मी काय करते आहे, मीच तिला शिकवलं होतं. मिनिट झालं तेव्हा छत्तीस झाले होते.

मी म्हटलं, उद्या कामावर जाऊ नका, आधी छातीचा फोटो काढा. त्याने विचारलं, कावून? सोळा होते न मॅडम? आणि मी, तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई, त्याला म्हणाले, तेव्हा होते, आता थंडीने वाढले असतील.

जाताना रोशनीने दप्तरातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. संक्रांत जवळ आली म्हणून. आत तीळ आणि बापाच्या वाटणीचा गुळाचा खडा. संध्याकाळी मी तो तोंडात टाकला. दातांखाली कचकच झाली. मी बेसिनमध्ये थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली. ती कचकच काही केल्या जाईना.

वह्या माझ्याच घरी होत्या, विज्ञान प्रदर्शनासाठी आणलेल्या. मी रोशनीची वही काढली आणि दिवाणखान्यात उघडून बसले. आमचे हे समोर मटार सोलत होते. तक्ता तसाच होता. आजी एकोणीस. आई सतरा. लहान बहीण तनू वीस. मी अठरा. बाबा बत्तीस, खोडलेले, बाजूला माझे लाल सोळा. मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून वही बघितली. विज्ञानाचा आणि त्यांचा काही संबंध नाही, उभा जन्म गाड्या हलवण्यात गेला. म्हणाले, "अवो, तिनं डबल मोजले असते तर साऱ्यांचेच डबल आले असते. बाकी डबे रुळावर अन् एकच खाली, म्हणजे त्या डब्यात बिघाड हाये. मोजणाऱ्यात नाई." आणि पुन्हा मटार सोलायला लागले. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

एवढी सोपी गोष्ट. सातवीच्या पोरीला कळली होती, म्हणून ती नहीं मॅडम म्हणाली होती. मला कळली नाही, कारण मी तक्ता बघितलाच नव्हता, चूक शोधत होते. शिकवणाऱ्याला ही खोड लागते. आकडा धड्यात बसला नाही की आकड्याचंच काहीतरी बिघडलं असं वाटतं. माणसाचं बिघडलं असेल, हे सुचत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवून सांगायची माझी छाती नाही. आधी टीबी म्हणाले, गोळ्या दिल्या. मग दुसऱ्या डॉक्टरांनी काम काय करता विचारलं, फोटो उजेडाकडे धरला आणि मान हलवली. देवराम मला एकदा भाजी बाजारात भेटला, पिशवी पोरीच्या हातात. म्हणाला, छातीत दगड बसला म्हणते मॅडम, आता निघत नाई. काम सुटलं होतं. पुढच्या पोळ्याच्या आधी तो गेला. मी भेटायला गेले. बायको शांता भिंतीला टेकून बसली होती, रोशनी आल्या-गेल्यांना पाणी देत होती. मलाही दिलं. मी बोलायचं ठरवून गेले होते, की चूक माझी होती. बाया बसल्या होत्या, रडणं चाललं होतं, आणि मी पाणी पिऊन परत आले.

एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं, दोन महिने आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, तो रोग वर्षानुवर्षांचा असतो, दोन महिन्यांनी काय झालं असतं, मनाला लावून घेऊ नका. चांगल्या आहेत त्या. पण ते दोन महिने तो रोज तिथे गेला, बोऱ्या भरल्या, आणि भीती वाटली की माझे सोळा आठवले. हे कोणत्या फोटोत दिसणार.

तेव्हापासून मला ही खोड लागली. बँकेत रांगेत, बसस्टॉपवर, भजनात, मी समोरच्या माणसाचे श्वास मोजते. दुपारी हे झोपले की ह्यांचे. सतरा. कधी अठरा. एकदा बावीस आले तर मी त्यांना हलवून उठवलं. ते रागावले नाहीत, कूस बदलून झोपले.

यंदा तनू सातवीत आली, रोशनीची बहीण. पहिल्या दिवशी हजेरी घेताना नाव वाचलं आणि मान वर केली. तिच्याही दोन घट्ट वेण्या. जून गेला, पचन झालं, मी कचोरी नेली नाही. दिवाळी झाली, धूर खाली बसला. मी तीन दिवस टाळलं. अभ्यास दिला नाही तर कोण विचारणार होतं? पुस्तकातून चित्र काढा म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग वाटलं, एकदा खोटं मोजलं, आता मोजायचंच नाही, हा कुठला न्याय. चौथ्या दिवशी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि अभ्यास दिला.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी बाकांमधून जात होते. तनूचा डबा उघडा होता. पोळी, आणि पोळीवर गुळाचा खडा.

मी थांबले. विचारलं, गूळ कुठला गं? ती मराठीत म्हणाली, आईचा. आईले कामावर भेटते. हळूहळू विचारलं तेव्हा कळलं. देवराम गेल्यावर मालकाने शांताला त्याच्याच जागेवर घेतलं होतं. लोक मालकाला देवमाणूस म्हणाले होते. तीन वर्षं ती पदर तोंडाला बांधून बोऱ्या भरते आहे. आणि गूळ खात नाही, पदराला बांधून आणते. मी तनूला म्हटलं, उद्या वही नक्की आण.

वही आली. आजी गेल्या वर्षी गेली, म्हणून तक्त्यात तीनच नावं. दीदी सतरा. मी एकोणीस. आई सत्तावीस. आईच्या आकड्यापुढे तनूने आपणहून बारीक अक्षरात लिहिलं होतं, दीदीनेही मोजले. मी लाल पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. शाळा सुटल्यावर तनूला घेऊन रिक्षात बसले. हथखोजच्या वाटेवर धुळीने झाडं पांढरी झाली आहेत, रस्त्याकडेच्या टपऱ्यांची कौलंही. तनू बाहेर बघत बसली होती, मी तिच्या मांडीवरच्या वहीकडे.

शांता नुकतीच कामावरून आली होती. मला बघून तिने खाटेवर सतरंजी टाकली, हातपाय धुवून आली आणि पदराची गाठ सोडून गुळाचा खडा बशीत ठेवला, सोबत पाण्याचा लोटा. "खा न मॅडम," ती म्हणाली, "धुळीतून आल्या." मी खाल्ला. कचकच झाली. यावेळी गिळला.

ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, त्याच जागी. रोशनी अकरावीच्या शिकवणीहून आली, दारातच उभी राहिली. चार वर्षांत उंच झाली आहे. मी पर्समधून घड्याळ काढून मांडीवर ठेवलं, लपवून काही उपयोग नव्हता. शांता तनूच्या शाळेचं काहीबाही विचारत होती आणि हळूहळू बोलायची थांबली. मी मोजत होते. रोशनीही मोजत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मिनिट झालं तेव्हा आम्ही दोघींनी एकाच वेळी वर बघितलं.

"मॅडम," शांता म्हणाली, "मांगच्यासारखे अर्धे करून टाका न. मले दोन पोरी हायेत. काम सुटलं तं खाऊ काय?"

चार वर्षं जे तोंडात अडकलं होतं ते तेव्हा निघालं. मी म्हटलं, शांता, मागच्या वेळी मी चुकले होते. रोशनीने बरोबर मोजले होते. तिचे बत्तीस खरे होते, माझे सोळा खोटे. हे तुझ्या नवऱ्याला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. शांता म्हणाली, मले मालूम हाये. रोशनीनं तवाच सांगतलं होतं. मी रोशनीकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीवर नखाने रेघ ओढत होती आणि रडत नव्हती.

उद्या सकाळी नऊला मी येते, फोटो काढायला जाऊ, कामाचं आपण बघू, मी शाळेतही बोलते, असं मी म्हणत राहिले. कामाचं काय बघणार, ते मला अजून माहीत नाही. शांता ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं. श्वास मात्र ऐकू येत होता, अगदी बारीक, कडी घासल्यासारखा.

तनूने वही उघडून माझ्यापुढे धरली, खूण करायला. मी लाल पेन काढलं. तिच्या सत्तावीसच्या खाली सत्तावीस लिहिलं, बाजूला बरोबरची खूण केली आणि सही केली.